राज्यपालांच्या टेबलावरची दहा विधेयकं आणि 'शक्य तितक्या लवकर'चा अर्थ

माझी भाची नाशिकला गंगापूर रोडच्या एका अभ्यासिकेत बसून एमपीएससीचा अभ्यास करते. परवा तिचा फोन आला, "मामा, एप्रिल २०२५ नंतर छापलेल्या नोट्समध्ये राज्यपालांना विधेयकावर तीन महिन्यांची मुदत लिहिलीये आणि नव्या नोट्समध्ये मुदतच नाही असं लिहिलंय, मग पेपरात काय लिहू?" म्हटलं दोन्ही नोट्स आपापल्या दिवशी बरोबर होत्या, घोळ कोर्टात झालाय, तू संध्याकाळी घरी ये. ती आली, आम्ही अडीच तास बसलो, आणि तेव्हा जे बोललो ते इथे नीट लिहून काढतोय, कारण हा प्रश्न एका मार्काचा नाहीये. मी इथे जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं करतो, घटनापीठाशी माझा संबंध वाचण्यापुरताच, पण मुदत या विषयाशी संबंध रोजचा आहे.

आधी घटनेचं कलम २०० बघू. विधानसभेने (जिथे परिषद आहे तिथे दोन्ही सभागृहांनी) विधेयक पास केलं की ते राज्यपालांकडे जातं, आणि त्यांच्यासमोर तीन वाटा असतात, अनुमती देणं, अनुमती रोखून ठेवणं, किंवा राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवणं. त्याला जोडून पहिलं परंतुक, म्हणजे कलमाखाली जोडलेली अट, आहे, आणि सगळं भांडण त्यातलंच आहे. ते म्हणतं की धन विधेयक सोडून बाकी विधेयक राज्यपाल शक्य तितक्या लवकर संदेशासह परत पाठवू शकतात, आणि सभागृहाने ते दुरुस्त करून किंवा आहे तसं पुन्हा पास केलं तर राज्यपालांना अनुमती रोखता येणार नाही. दुसरं परंतुक हायकोर्टाच्या अधिकारांना धक्का लावणाऱ्या विधेयकांबद्दल आहे, अशी विधेयकं राष्ट्रपतींकडे पाठवावीच लागतात. आता या सगळ्यात दिवसांचा आकडा शोधा, मिळणार नाही. आकडा कलम २०१ मध्ये आहे, सहा महिने, पण तो राष्ट्रपतींनी परत पाठवलेल्या विधेयकावर विधानसभेने फेरविचार करण्यासाठी. म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाला मुदत घातलीये आणि सही करणाऱ्याला नाही. भाचीने हे स्वतः शोधून दाखवलं, मला खरंच आनंद झाला.

आता प्रकरण. तामिळनाडूच्या विधानसभेने जानेवारी २०२० ते एप्रिल २०२३ या काळात पास केलेली १२ विधेयकं राज्यपालांकडे अडकली होती. त्यातली बहुतेक विद्यापीठांची, म्हणजे कुलगुरू नेमायचा अधिकार राज्यपालांकडून काढून राज्य सरकारकडे द्यायचा अशी. त्यातली दोन तर आधीच्या अण्णाद्रमुक सरकारच्या काळातली, म्हणजे हे फक्त एका पक्षाचं दुखणं होतं असंही नाही. राज्यपाल होते आर. एन. रवी, सप्टेंबर २०२१ पासून. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, राज्यपाल हेच त्या विद्यापीठांचे कुलपती, आणि आपलाच अधिकार कमी करणारं विधेयक त्यांच्याच टेबलावर आलेलं. घटनेने त्यांना तिथे राज्याचे प्रमुख म्हणून बसवलंय, कुलपतीपद कायद्याने दिलेलं आहे आणि कायद्याने काढताही येतं. या दोन टोप्या एकाच डोक्यावर आल्या की सही लांबते, माझं तरी हेच मत झालंय.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तामिळनाडू सरकार कलम ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टात गेलं. पुढचे तीन आठवडे मी भाचीला तारखांसकट वहीत लिहायला लावले, कारण या केसमध्ये तारखाच पुरावा आहेत. १० नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने दखल घेऊन नोटीस काढली. १३ नोव्हेंबरला राज्यपालांनी दहा विधेयकांवर अनुमती रोखल्याचं कळवलं, उरलेली दोन राष्ट्रपतींकडे गेली होती. १८ नोव्हेंबरला विधानसभेने खास अधिवेशन घेऊन दहाच्या दहा विधेयकं जशीच्या तशी पुन्हा पास केली. आता पहिल्या परंतुकाप्रमाणे अनुमती रोखायची वाट बंद. तर २८ नोव्हेंबरला राज्यपालांनी ती दहाही राष्ट्रपतींसाठी राखून ठेवली. पुढे राष्ट्रपतींनी त्यातलं एक मंजूर केलं, सात नाकारली आणि दोनांचा विचार झालाच नाही.

"पण मामा, जे तीन वर्षं नाही झालं ते नोटीस निघाल्यावर तीन दिवसांत कसं झालं?" असं तिने विचारलं. कोर्टाने पण हाच प्रश्न मनावर घेतला असं निकाल वाचताना वाटतं.

योगायोग म्हणजे त्याच १० नोव्हेंबर २०२३ ला पंजाबच्या राज्यपालांच्या केसमध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाचा निकाल आला. तिथे कोर्टाने सांगितलं की अनुमती रोखायची असेल तर विधेयक परत पाठवावंच लागेल, रोखणं आणि परत पाठवणं ही एकाच वाटेवरची दोन पावलं आहेत, नुसतं रोखून विधेयक मारून टाकता येणार नाही. हे तर्काने पण पटतं. धन विधेयक परत पाठवता येत नाही असं परंतुकच म्हणतं, मग नुसतं रोखण्याचा वेगळा अधिकार मान्य केला तर राज्यपाल एक शब्द न बोलता राज्याचं बजेटच थांबवू शकतील, आणि घटना लिहिणाऱ्यांच्या मनात असं काही असेल हे शक्यच नाही.

८ एप्रिल २०२५ ला तामिळनाडूचा निकाल आला, न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती आर. महादेवन. त्यांनी सांगितलं की पुन्हा पास होऊन आलेली विधेयकं राष्ट्रपतींकडे पाठवणं चूक होतं, त्यावर पुढे राष्ट्रपतींनी जे केलं तेही टिकत नाही, आणि कलम १४२, म्हणजे पूर्ण न्यायासाठी हवा तो आदेश काढायचा सुप्रीम कोर्टाचा अधिकार, वापरून ती दहा विधेयकं १८ नोव्हेंबर २०२३ पासून अनुमती मिळाली असं धरलं. शिवाय मुदती घातल्या: मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने रोखायचं किंवा राखून ठेवायचं असेल तर एक महिना, सल्ल्याच्या विरुद्ध जायचं असेल तर तीन महिने, पुन्हा पास होऊन आलं तर एक महिना, आणि राष्ट्रपतींना तीन महिने. भाचीच्या जुन्या नोट्समधले तीन महिने इथून आले. हे आकडे कोर्टाने हवेतून काढले नव्हते, केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात आणि पुंछी आयोगाने २०१० च्या अहवालात अशा मुदती सुचवल्याच होत्या, आणि केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६ च्या एका कार्यालयीन ज्ञापनात राष्ट्रपतींकडच्या विधेयकांसाठी तीन महिने लिहिलेलेच होते. ११ एप्रिलला तामिळनाडूने दहाही कायदे राजपत्रात छापले. राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची सही नसताना, फक्त कोर्टाच्या निकालावर कायदा झाला.

मी तेव्हा फार खूश झालो होतो, हे लपवत नाही. पण दोन दिवसांनी शांतपणे वाचल्यावर पोटात थोडी कालवाकालव झाली, कारण सही 'झाली असं धरणं' ही घटनेत कुठेच नसलेली गोष्ट आहे, आणि आज ती आपल्याला आवडत्या बाजूने झाली म्हणून बरी वाटते. मे महिन्यात मद्रास हायकोर्टाने त्या कायद्यांमधल्या कुलगुरू नेमणुकीच्या तरतुदींना स्थगिती दिली, युजीसीच्या नियमांशी त्या जुळत नाहीत या मुद्द्यावर. म्हणजे कायदा झाला तरी तो घटनेच्या कसोटीवर नंतर तपासला जातोच, आणि ते काम कोर्टाचं आहे. मी तर म्हणतो हा प्रसंगच दाखवतो की विधेयक घटनाबाह्य वाटतंय म्हणून राज्यपालांनी ते वर्षानुवर्षं दाबून ठेवायची गरज नाही, त्यासाठी कोर्ट बसलंय.

१३ मे २०२५ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी कलम १४३ खाली, म्हणजे सल्ला मागण्याच्या अधिकारात, १४ प्रश्न सुप्रीम कोर्टाला पाठवले. पाच जणांचं घटनापीठ बसलं, सरन्यायाधीश भूषण गवई, न्यायमूर्ती सूर्य कांत, विक्रम नाथ, पी. एस. नरसिंह आणि अतुल चांदूरकर. १९ ऑगस्टला सुनावणी सुरू झाली, दहा दिवस चालली, ११ सप्टेंबरला मत राखून ठेवलं आणि २० नोव्हेंबर २०२५ ला एकमताने दिलं. सुनावणीतच पीठाने सांगितलं होतं की आम्ही एप्रिलच्या निकालावर अपील ऐकत नाही, सल्ला देतोय. तरी पुढे कोणतंही कोर्ट या मताकडे डोळेझाक करेल असं मला वाटत नाही.

मत काय? एक, कोर्ट राज्यपालांना किंवा राष्ट्रपतींना दिवसांची मुदत घालून देऊ शकत नाही, कारण घटनेने मुद्दाम लवचिक शब्द ठेवलेत. दोन, 'अनुमती मिळाली असं धरणं' घटनेत बसत नाही, कलम १४२ वापरूनही नाही, तसं करणं म्हणजे दुसऱ्याचं काम आपण हातात घेणं. तीन, पंजाबच्या केसमधली गोष्ट कायम, नुसतं रोखून बसता येणार नाही, अनुमती द्या, परत पाठवा किंवा राखून ठेवा, विधेयक परत न करता अडवून ठेवणं संघराज्याच्या तत्त्वाच्या विरुद्ध आहे. चार, या वाटांपैकी कोणती निवडायची त्यात राज्यपालांना स्वविवेक आहे, म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेलं नसून ते स्वतः ठरवू शकतात. आणि पाच, त्यांनी काय ठरवलं याच्या गुणदोषात कोर्ट जाणार नाही, पण दीर्घ, कारण न देता, अनिश्चित काळ काहीच केलं नाही तर कोर्ट मर्यादित आदेश काढू शकेल, वाजवी वेळात काम करा एवढाच, आणि कलम ३६१ चं संरक्षण, म्हणजे राज्यपालांना स्वतः कोर्टाला उत्तर द्यावं लागत नाही ते, त्याच्या आड येणार नाही.

यातल्या दुसऱ्या मुद्द्यावर मी पीठाशी सहमत आहे, वर सांगितलं तेच कारण. चौथ्यावर नाही. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात याच जागी गव्हर्नर 'स्वविवेकाने' असे शब्द होते, आणि आपल्या घटनाकारांनी कलम २०० लिहिताना ते शब्द काढून टाकले. ब्रिटिशांच्या गव्हर्नरला दिलेली वस्तू आपण मुद्दाम काढली असेल तर ती अर्थ लावून परत कशी द्यायची? समोरून युक्तिवाद येतो की मंत्रिमंडळ स्वतःचंच विधेयक परत पाठवा असा सल्ला कशाला देईल, म्हणून तिथे तरी स्वविवेक मानावाच लागतो. ठीक आहे, परत पाठवण्यापुरतं मी मान्य करतो, कारण तिथे शेवटचा शब्द सभागृहाकडेच राहतो. पण राष्ट्रपतींकडे राखून ठेवलं की तो शेवटचा शब्द राज्याच्या हातातून जातो, कारण कलम २०१ मध्ये पुन्हा पास केलेल्या विधेयकावरसुद्धा राष्ट्रपतींना सही करावीच लागत नाही. एवढं मोठं दार एका नेमलेल्या माणसाच्या स्वविवेकावर उघडं ठेवणं मला पटत नाही.

मुदतीबद्दल घटना समितीतली एक गोष्ट भाचीला माहिती नव्हती. केंद्राच्या विधेयकांबद्दलच्या मसुद्यात, जे पुढे कलम १११ झालं, राष्ट्रपतींनी विधेयक परत पाठवायचं तर सहा आठवड्यांच्या आत असं लिहिलं होतं. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती आणून तिथे 'शक्य तितक्या लवकर' केलं. समितीतले सदस्य एच. व्ही. कामत यांनी विरोध केला, आकडा काढला तर नेमकं काय राहील अशी त्यांची काळजी होती. आज कोर्ट म्हणतं शब्द मुद्दाम लवचिक ठेवलेत, ते खरं आहे. पण 'शक्य तितक्या लवकर' म्हणजे सहा आठवड्यांपेक्षाही लवकर असं त्या सभागृहात ऐकणाऱ्याला वाटलं असेल, सहा आठवड्यांच्या जागी तीन वर्षं चालतील असं कोणाला वाटलं असेल? पुढे १९८६ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग यांच्याकडे पोस्टाचं विधेयक गेलं आणि त्यांच्या कारकिर्दीत ते सही न होता, परत न येता तिथेच राहिलं, त्यालाच आपण पुस्तकात पॉकेट व्हेटो म्हणून शिकतो. त्या विधेयकात पत्रं उघडायचा सरकारला जादा अधिकार होता, म्हणून लोकांना ते थांबलेलं बरंच वाटलं, मलाही वाटतं. पण विधेयक वाईट असलं तरी ते अडवण्याची पद्धत तीच, गप्प राहणं, आणि पद्धत एकदा पडली की ती चांगल्या विधेयकालाही लागते.

हे सगळं चेन्नई-दिल्लीचं झालं, पण मी भाचीला म्हटलं की हाच प्रश्न आपल्या नाशिकच्या माणसाने चार वर्षं आधी विचारला होता. विषय थोडा वेगळा, विधेयक नाही, कलम १७१(५) खाली विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायचे १२ सदस्य. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या मंत्रिमंडळाने १२ नावं राज्यपाल कोश्यारींकडे पाठवली आणि त्यावर हो नाही की नाही नाही. नाशिकच्याच एका रहिवाशाने बॉम्बे हायकोर्टात जनहित याचिका केली. १३ ऑगस्ट २०२१ ला हायकोर्टाने सांगितलं की राज्यपाल कलम ३६१ मुळे कोर्टाला उत्तर द्यायला बांधील नाहीत, पण वाजवी वेळात नावं स्वीकारणं किंवा परत करणं हे त्यांचं घटनात्मक कर्तव्य आहे, आणि आठ महिने हा पुरेसा वाजवी काळ आहे. म्हणजे आकडा मिळाला, आदेश नाही. मग काय झालं? काहीच नाही. जून २०२२ मध्ये सरकार बदललं, नव्या मंत्रिमंडळाने ती यादी मागे घेतली, जागा तशाच रिकाम्या, पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जण नेमले गेले.

म्हणून नोव्हेंबर २०२५ च्या मतातला कलम ३६१ चा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, मुदतीपेक्षाही. २०२१ मध्ये नाशिकच्या याचिकाकर्त्याला आकडा मिळाला पण आदेश मिळाला नाही, कारण ३६१ ची भिंत होती. आता भिंतीला दार झालंय, आदेश मिळू शकतो, पण आकडा गेला. दोन्ही एकत्र मिळायला हवं होतं.

आणि आकडा नसला की काय होतं हे माझ्यासारख्या दिवाणी वकिलाला कोणी शिकवायला नको. दाव्याचं समन्स बजावलं की प्रतिवादीने ३० दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची, फार तर ९० पर्यंत. जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज, एकेका दिवसाचं कारण लिहा. तलाठ्याकडे फेरफार पडला की हरकतीला १५ दिवस. निफाडचा शेतकरी ३१ व्या दिवशी आला तर त्याला माफी मागावी लागते. मला असं म्हणायचं नाही की राज्यपाल आणि पक्षकार सारखे, पण मुदत ही फक्त लहान माणसाला लावायची गोष्ट आहे असं व्हायला नको.

भाचीने मग विचारलं की आपल्याकडे विधेयकं अशी अडकली आहेत का. अडकली की. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने दोन गोष्टी पास केल्या. एक शक्ती विधेयक, महिलांवरच्या अत्याचारांच्या शिक्षा कडक करणारं, एकमताने पास झालं, केंद्राच्या फौजदारी कायद्यांत बदल होता म्हणून राष्ट्रपतींकडे गेलं, आणि कायदा झालाच नाही. दुसरं सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातली दुरुस्ती, मंत्र्यांना प्र-कुलपती करायचं आणि कुलगुरूंसाठी दोन नावं सरकारने राज्यपालांना द्यायची. आपल्या नाशिकची बहुतेक कॉलेजं पुणे विद्यापीठाशी जोडलेली, म्हणजे थेट आपल्या पोरांचा विषय. ते विधेयक सहीविना राहिलं आणि २०२२ मध्ये नव्या सरकारने मागे घेतलं. आता मला ती दुरुस्ती स्वतःला आवडली नव्हती, मंत्री विद्यापीठात जेवढे कमी तेवढं बरं. पण मला आवडत नसेल तर ते सभागृहात पडायला हवं, किंवा पुढच्या सभागृहाने रद्द करायला हवं, किंवा राज्यपालांनी कारणं लिहून परत पाठवायला हवं होतं, म्हणजे आपल्या सगळ्यांना ती कारणं वाचता आली असती.

इथे ती म्हणाली, "म्हणजे मामा तुमचं म्हणणं सही करा असं नाहीये, उत्तर द्या असं आहे." अगदी तेच. २०२७ च्या सिंहस्थासाठी कुंभमेळा प्राधिकरणाचा कायदा २०२५ मध्ये झाला, राज्यात आणि केंद्रात जुळलेली सरकारं होती म्हणून तो कुठे अडकला नाही. समजा जुळलेली नसती आणि विधेयक राजभवनात पडून राहिलं असतं, तर गोदाघाट, रस्ते, पाणी, साधुग्रामची जागा यांची कामं कोणाच्या अधिकारात करायची? घटनापीठाच्या मताप्रमाणे सरकारने आधी 'दीर्घ' काळ थांबायचं, मग कोर्टात जायचं, मग कोर्ट म्हणणार वाजवी वेळात ठरवा, मग राज्यपाल ते राष्ट्रपतींकडे राखून ठेवणार. सिंहस्थ तोवर थांबत नाही.

मग आता राज्यांनी काय करायचं? मी वकील म्हणून सांगतो, जे आम्ही पक्षकाराला सांगतो तेच. विधेयक राज्यपालांच्या कार्यालयात पोचलं त्या दिवसाची पोच घ्या. महिन्याने लेखी विचारा की काही शंका आहे का, असेल तर खुलासा देतो. दर महिन्याला पत्र, प्रत्येकाची पोच. विधेयक थांबल्यामुळे नेमकं काय अडलंय ते त्यात लिहा, किती पदं रिकामी, कोणतं काम बंद. कारण आता कोर्टात 'दीर्घ' आणि 'कारण न देता' हे दोन शब्द सिद्ध करावे लागणार आहेत आणि ते भाषणांनी होत नाहीत, पत्रांच्या फाइलने होतात. विनंतीतही सही करा असं मागायचं नाही, ते मिळणार नाही, तीन वाटांपैकी एक निवडून कारणासह कळवा एवढंच मागायचं. आणि अशा दोन-चार केसेस झाल्या की त्या त्या प्रकरणात किती महिने 'वाजवी' होते याची एक रांग तयार होईल, तेव्हा १३ ऑगस्ट २०२१ चे आठ महिने कोणीतरी वकील नक्की पुढे ठेवेल.

पेपरात काय लिहायचं ते पण तिला सांगितलं: ८ एप्रिलला मुदती घातल्या, २० नोव्हेंबरला घटनापीठाने मुदती आणि मानीव अनुमती (अनुमती मिळाली असं धरणं) दोन्ही नाकारल्या, पण नुसतं अडवून बसणंही नाकारलं आणि मर्यादित आदेशाचा रस्ता ठेवला. तिने जुन्या नोट्समधल्या 'तीन महिने'वर रेघ मारली, शेजारी 'वाजवी वेळ' लिहिलं आणि कंसात पेन्सिलने आठ महिने, नाशिक, २०२१.